वह्या मिटा, आज ऐका

वह्या मिटा. पेनं खाली. आज धडा पुढे सरकणार नाही, आणि 'बाई, पोर्शन राहील' असं कोणी म्हणायचं नाही. पोर्शनची एवढी काळजी असती तर शनिवारी खडकीच्या वॉर सिमेट्रीत जे झालं ते झालं नसतं.

काय झालं ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी माझ्या तोंडून ऐका. दोन कबरींच्या मधल्या हिरवळीवर बसून तुम्ही वेफर्स खाल्लेत आणि पाकीट तिथंच टाकलंत. तिथल्या माळ्याने तुमच्यासमोर वाकून ते उचललं. एक अक्षर बोलला नाही तो. तुमच्यापैकी एकाचेही कान लाल झाले नाहीत. मागच्या बाकावरच्या चौघींनी स्मारकाच्या पायऱ्यांवर गाणं लावून रील केलं. ते रील मी पाहिलंय, कारण तुमच्याच एका शहाण्या मैत्रिणीने ते पालकांच्या ग्रुपवर टाकलं. खाली आठ पालकांनी अंगठे दाखवलेत. त्या आठांशी मी पालकसभेत बोलेन.

आणि परतीच्या बसमध्ये एक प्रश्न आला. 'बाई, ही तर गोऱ्यांची थडगी. आपल्याला काय त्यांचं?' बसभर खसखस पिकली. ज्याने विचारलं त्याला मी उभा करणार नाही, निदान त्याने विचारलं तरी. तुम्ही बाकीचे हसलात. हसणाऱ्याला उत्तर नको असतं, पण आज ते ऐकावं लागेल.

गोऱ्यांची म्हणजे कोणाची रे? त्याच आवारात पूर्व आणि पश्चिम आफ्रिकेतल्या जवळजवळ दोनशे सैनिकांची नावं कोरलेली आहेत. नायजेरिया, गोल्ड कोस्ट म्हणजे आजचा घाना, केनिया, अशा मुलखांतल्या पलटणी ब्रह्मदेशच्या लढाईसाठी इकडे आल्या होत्या. घरापासून हजारो मैलांवर, आपल्या या देशात त्यातली काही माणसं मेली. त्यांच्या नावांसमोर तुम्ही उभे होतात, पण नावांकडे पाठ करून, कारण फोटो काढायचा होता. ते गोरे होते का?

दुसरं. तिथे दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात ठिकठिकाणी पुरलेल्या, जिथे देखभालीची शाश्वती नव्हती, त्या कबरी तिथे एकत्र आणल्या. पहिल्या महायुद्धाच्या वेळी इथे मेलेल्या आणखी १,८०० हून अधिक जणांची नावं तिथल्या स्मारकावर आहेत, आणि त्यांतल्या ६२९ जणांचे अवशेष मुंबईच्या शिवडीतून खडकीला आणून पुन्हा पुरले ते जून १९६२ मध्ये. इंग्रज जाऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती. ज्यांच्या राज्याविरुद्ध लढलो त्यांच्या मेलेल्या पोरांना हलवून नीट ठेवण्याएवढं मन त्या वेळच्या माणसांकडे होतं. त्यातल्या कितीतरी जणांनी स्वतः तुरुंग भोगला असेल. तुम्ही काय भोगलंय? बसमध्ये खिडकीची जागा मिळाली नाही, एवढंच ना?

आणि 'त्यांचं ते बघतील' असं म्हणणाऱ्यांनो, या कबरींची निगा राखणारा जो राष्ट्रकुल युद्धकबर आयोग आहे, त्याचे सदस्य देश सहा. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि भारत. म्हणजे त्या माळ्याने उचललेलं पाकीट तुमच्याच घरातलं होतं.

आता 'आपल्याला काय' याचं खरं उत्तर.

गणपतीला कोकणात जाताना माणगावच्या कोंडीत तुमची गाडी तास-तास उभी असते. वडील हॉर्न वाजवतात, तुम्ही मोबाईलवर असता. त्या माणगावात एका मुलाचा पुतळा आहे. कोणाचा? बोला. हात वर नाही? एकाचाही नाही? यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातला, मराठा पलटणीत नाईक. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुटली. तुकडीतले सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. उभा राहिला तो एकटा. त्याने मागे पाहिलं नाही. पळत जाऊन बॉम्ब टाकला, ती मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार केले. टॉमीगनने दुसऱ्याला पाडलं. गोळ्या संपल्या, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने. मग लपलेल्या नेमबाजांनी त्याला छातीत आणि पाठीत गोळ्या घातल्या. ज्या जागेसाठी धावला त्याच जागेवर तो मेला.

वय बावीस. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या मोठ्या भावाचं वय. तो भाऊ अजून एमपीएससीचा क्लास लावायचं म्हणतोय.

घाडगेंना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो मरणानंतर. पदक घ्यायला बायको गेली. देह मिळाला नाही, म्हणून कबर नाही. कॅसिनोच्या स्मारकावर नाव आहे. आणि आता नीट ऐका. इटलीत पेरूजा प्रांतात मोंतोने नावाचं डोंगरावरचं गाव आहे, आपल्या तालुक्याच्या गावापेक्षा लहान. त्या गावाने जुलै २०२३ मध्ये, तो मेला त्याला एकोणऐंशी वर्षं झाल्यावर, यशवंत घाडगेंच्या नावाने स्मारक उभारलं, सौरघड्याळाच्या रूपात. त्या गावात मराठी बोलणारं कोणी नाही. घाडगे हे नाव त्यांच्या जिभेला वळत नसेल. पण आपल्या गावासाठी परक्या देशातला कोणी मेला हे त्यांना ठाऊक आहे आणि ते त्यांनी लिहून ठेवलंय. इटलीच्या मोहिमेत भारतीय सैन्यातले ५,७८२ जण मेले. तिथल्या चाळीस ठिकाणी त्यांची नावं आहेत, गवत कापलेलं आहे, अक्षरं साफ आहेत. आपल्या सैनिकांपैकी पुष्कळांचं दहन झालं. कबर नाही, म्हणून फोर्ली गावच्या दहन-स्मारकावर जवळजवळ आठशे नावं कोरलीत. तिथे कोणी इटालियन पोर वेफर्स खात बसलं, तर तुम्हाला कसं वाटेल? आता खाली का बघता?

तिथून फार लांब नाही अशा सेनिओ नदीवर नामदेव जाधव होते, नगर जिल्ह्यातले. पलटणीत निरोप्याचं काम. ९ एप्रिल १९४५, इटलीतली लढाई संपायला महिनासुद्धा उरला नव्हता. दोन जखमी सोबत्यांना एकामागून एक पाण्यातून, उभ्या बांधावरून, सुरुंग पेरलेल्या पट्ट्यातून त्याने पलीकडे नेलं. मग परत जाऊन शत्रूच्या तीन मशीनगन एकट्याने बंद केल्या आणि बांधावर चढून मराठा पलटणीची आरोळी देत मागच्यांना हात केला. तो जगला. घरी आला. १९८४ पर्यंत होता. म्हणजे तुमच्या आजोबांच्या हयातीत हा माणूस नगर जिल्ह्यात एसटीने फिरत असेल आणि कंडक्टरने त्यालाही सुट्ट्या पैशांवरून सुनावलं असेल.

मधल्या बाकावरून काहीतरी पुटपुटणं ऐकू आलं. मोठ्याने बोल. 'ते इंग्रजांचे भाडोत्री होते.' बरं. हे वाक्य तू कुठल्या व्हिडिओत ऐकलंस ते मला माहीत आहे, पण उत्तर देते, कारण हा प्रश्न त्या रीलपेक्षा मोठा आहे.

हो, ते पोटासाठी गेले. माण-खटावच्या उजाड रानातून, पावसाने दगा दिलेल्या वर्षी, दोन भाऊ घरी आणि एक पलटणीत असा हिशोब करून गेले. मनीऑर्डरवर घर चालायचं. तुझे पणजोबा गिरणीत गेले ते काय कापडाच्या प्रेमाने? पोटासाठी गेलेल्या माणसाचं मरण स्वस्त असतं हे तुला कोणी शिकवलं? इंग्रजांच्या राज्यावर राग धरायचा तर धर, मीही धरते. पण तो राग दिल्लीत आणि लंडनमध्ये बसून हुकूम काढणाऱ्यांवर धर. त्याच सरकारने गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ मध्ये मोडून टाकली. पुन्हा युद्ध आलं तेव्हा १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. ज्यांना गावात पाणवठ्यावर येऊ देत नव्हते त्यांनी बंदूक हातात घेतली ती कोणाच्या प्रेमाखातर, हे एका शब्दात सांगता येत नाही. तू मात्र एका शब्दात सांगून मोकळा झालास.

आणि 'आझाद हिंद सेना विसरू नका' म्हणाल, तर नाही विसरत. ती सेना मुख्यतः मलाया आणि सिंगापूरला जपान्यांच्या हाती पडलेल्या याच हिंदी फौजेच्या शिपायांतून उभी राहिली. १९४४ च्या मार्चमध्ये जपानी फौजा मणिपुरात शिरल्या तेव्हा सांगशाकच्या टेकडीवर चौथी मराठा बटालियन लढत होती. आणि जपान्यांबरोबर आझाद हिंदच्या तुकड्याही इम्फाळच्या दिशेने येत होत्या. दोन्हीकडे आपलेच. कोणाचं दुःख आधी मोजायचं ते मला ठरवता येत नाही. तुम्हाला येतं, कारण तुम्ही वाचलेलं नाही.

आता त्या आयोगाचंही सांगते. त्यांना तुमच्यासमोर साजूक ठरवण्याचा माझा इरादा नाही. खडकीत पाहिलंत ना, साहेब असो की शिपाई, प्रत्येकाला सारखाच दगड? तो नियम चांगला आहे. पण हा नियम सगळीकडे पाळला गेला नाही, आणि जिथे पाळला गेला नाही तिथे बहुतेक करून आपल्यासारखेच होते.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी होत्या. तिग्रिस नदीच्या वळणावरच्या कुत या गावात डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ पर्यंत वेढ्यात अडकल्या त्यांत १०३, ११० आणि ११७ अशा तीन मराठा पलटणी. खायला काही उरलं नाही तेव्हा घोडे मारले गेले. धर्म आड आला म्हणून कितीतरी हिंदी शिपायांनी ते मांस शेवटपर्यंत, निदान फार उशिरापर्यंत, तोंडात घातलं नाही. दात हलायला लागले, पाय सुजले. मग शरणागती. मग वाळवंटातून कैद्यांची पायपीट. ज्यांनी वेढा सोसला त्यांतले हजारो त्या पायपिटीत आणि कैदेत संपले.

त्यांचं स्मारक बसऱ्याला झालं, १९२९ मध्ये. चाळीस हजारांहून अधिक माणसांचं. गोऱ्या अधिकाऱ्यांची नावं कोरली, गोऱ्या शिपायांची कोरली, हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. हिंदी शिपायांची? पलटणीचं नाव आणि समोर आकडा. या पलटणीचे इतके. लग्नपत्रिकेत यजमानांची नावं ठळक छापतात आणि खाली 'व समस्त आप्तेष्ट' म्हणून मोकळे होतात, तसं. तीस हजारांच्या वर माणसं त्या 'समस्त'मध्ये गेली. कोण्या बाईचा नवरा, कोणाचा धाकटा, सगळे एका आकड्यात. पुढे १९९७ मध्ये सद्दामच्या हुकुमाने ते अख्खं स्मारक मूळ जागेवरून उचलून बत्तीस किलोमीटर दूर नासिरियाच्या रस्त्यावर नेलं. तेव्हाही आकडाच हलला.

एप्रिल २०२१ मध्ये या आयोगाने स्वतःच चौकशी करून छापलं की पहिल्या महायुद्धातल्या पंचेचाळीस ते चोपन्न हजार माणसांची आठवण असमान रीतीने ठेवली गेली. आणि किमान एक लाख सोळा हजार, कदाचित साडेतीन लाख माणसांची नावं कुठेच कोरली गेली नाहीत. बहुतेक आफ्रिकेतले, हिंदुस्थानातले, इजिप्तमधले. ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्याने पार्लमेंटमध्ये माफी मागितली. शंभर वर्षांनी का होईना, मागितली, आणि नावं शोधण्याचं काम त्यांनी हाती घेतलंय.

आणि आपण? आपल्याकडे तर नावं दगडावर आहेत आणि आपण वाचत नाही. साताऱ्याजवळ अपशिंगे गाव आहे, नावापुढे 'मिलिटरी' लागतं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण गेले. तिथले लोक ते विसरलेले नाहीत, म्हणून तुम्हाला त्या गावाचं नाव निदान पेपरात दिसतं. पण सातारा, कोल्हापूर, रत्नागिरीकडे कितीतरी गावांत चावडीच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत एक पांढरी फरशी असते. या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. त्यावर एकदा ऑइलपेंट बसतो, मग 'दादांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा', मग आणखी कोणाच्या. तुमच्यातल्या निम्म्यांचं गाव त्या पट्ट्यातलं आहे. कोणी पाहिलीय ती फरशी?

कोकणातल्यांनो, तुम्ही हसू नका. तुमच्याकडचे खलाशी जहाजांच्या पोटात कोळसा ओढत होते. पाणतीर खाली आदळतो, आणि आगवाला वर येण्याआधी जहाज जातं. मुंबईत मशीद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात पहिल्या युद्धातल्या दोन हजारांहून अधिक जणांचं स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही. दुसऱ्या युद्धातल्या साडेसहा हजारांच्या आसपास नावांचं पुस्तक तिथेही आहे आणि चितगावलाही. लोकलने मशीदला उतरून तुम्ही मोबाईलची कव्हरं घ्यायला जाता.

आता वर्गाच्या भित्तिपत्रकाकडे वळू. ११ नोव्हेंबरला तुम्ही ते लावलंत. 'शूरवीरांना कोटी कोटी प्रणाम.' खाली चित्र कोणाचं? हॉलिवूडच्या सिनेमातल्या नटाचं, हेल्मेटसकट. मी आठवडाभर वाट पाहिली की कोणाच्या लक्षात येतं. नाही आलं. कोटी कोटी प्रणाम करण्याइतकी घाई होती की प्रणाम कोणाला करतोय ते बघायला सवड नव्हती. आणि ७ डिसेंबरला, सैनिक ध्वजदिनाला, पैसे देऊन घेतलेले ते छोटे झेंडे कुठे गेले ते शिपाईकाकांना विचारा. बाकांच्या खालून त्यांनी खरवडून काढले. त्या निधीतून युद्धात मेलेल्यांच्या बायकांना, पोरांना, जखमी जवानांना मदत जाते.

मेलेल्यांबद्दल पुष्कळ झालं. जिवंत आहेत त्यांचं काय? नोव्हेंबर आला की हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा बँकेत येतात. बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, यंत्रावर ठसा उमटत नाही. 'आजी, पुन्हा दाबा. जोरात दाबा.' मागे रांगेत तुम्ही उभे असता आणि सुस्कारे सोडता. त्या आजीच्या हातात काळी छत्री आणि प्लास्टिकच्या पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक असतं. ते बघायला मागा कधी. मागितलंत तर नातवाला दाखवतात तसं दाखवतात, पण विचारायला लागतं. १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो; तुम्ही त्या दिवशी तिळगूळ वाटता आणि गच्चीवर पतंग उडवता. जरूर उडवा. पण तुमच्याच इमारतीचे वॉचमनकाका, ज्यांना तुम्ही 'ए काका, गेट' म्हणता, ते एकाहत्तरच्या लढाईला होते की कारगिलला, हे तुमच्यातल्या एकालाही सांगता येणार नाही. मला सांगता येतं, कारण मी विचारलं.

सोमवारी प्रत्येकाने एक पान लिहून आणायचं. घरात, गावात, वाडीत, चाळीत कोण सैन्यात होतं; कुठली पलटण, कुठल्या साली, कुठे लढले, कुठे मेले किंवा कसे परतले. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धातलं कोणी असेल तर युद्धकबर आयोगाच्या संकेतस्थळावर नाव शोधा. पुष्कळदा बापाचं नाव आणि गावही सापडतं. एका स्पेलिंगवर थांबू नका, इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलंय. घोरपडे, शिंदे, जाधव, सगळी नावं चार-पाच तऱ्हांनी टाकून बघा. महार पलटणीतले असतील तर तेही, खलाशी असतील तर तेही, आझाद हिंदमधले असतील तर तेही. सासरचं-माहेरचं दोन्हीकडचं विचारा, मुली विशेष करून, तुमच्या आज्यांना जास्त आठवतं.

'आमच्या गावात कोणी नव्हतं' असं लिहून आणायचं असेल तर आधी चावडीच्या भिंतीवरचं पोस्टर सोडवून बघा. दादांचा वाढदिवस होऊन गेलाय. आणि वेफर्सवाल्यांनो, पुढच्या रविवारी तुम्ही माझ्याबरोबर खडकीला येणार आहात. घरून परवानगीचं पत्र आणा. त्या माळ्याकडे जाऊन काय बोलायचं ते मी शिकवणार नाही.

नक्कल केलेलं पान मला पहिल्या ओळीत कळतं. आता दार उघडा, गणिताचे सर कधीचे बाहेर उभे आहेत.